उत्तरेच्या भिंतीतली मेंढवाट

हिप्परखेडा, ता. लोहारा
११ डिसेंबर २०२४

चि. शिवकन्यास रामहरी तात्याचे अनेक आशीर्वाद.

बारवेची दुरुस्ती मंजूर झाली. सरपंच उत्तरेश्वर काल स्वतः घरी येऊन सांगून गेले. पुण्याहून नकाशे आलेत, सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ते सगळ्यांसमोर ठेवणार आणि मग काम सुरू. गावाला आनंद झालाय. मला अर्धाच झाला. का, ते लिहितो.

नकाशात उत्तरेची भिंत सलग दाखवलीय. तिच्यात मेंढवाट नाही.

तू लहानपणी माझ्या तोंडून ऐकलं असशील. बारवेत उतरायला पूर्वेकडून पायऱ्या आहेत, त्या माणसांच्या. त्या इतक्या उभ्या की मेंढरू उतरलं तर वर येत नाही. म्हणून बांधणाऱ्यांनी उत्तरेच्या भिंतीत एक तोंड ठेवलं होतं आणि मागून जमिनीच्या पोटातून दगडी उतार काढला होता. त्या वाटेनं आपली मेंढरं थेट पाण्याच्या कट्ट्यावर यायची. पुढं ती बुजली. आज तिथं वर बाभळी आहेत आणि खाली सपाट भिंत.

आता नव्या कामात उत्तरेच्या भिंतीमागं काँक्रीटची भिंत उभी करणार आहेत, दगड सरकू नयेत म्हणून. ती उठली की वाट कायमची गेली. दिवाळी सरली की गावात मेंढरांना पाणी नसतं, हे तुला ठाऊक आहे. आपल्या सात घरांची मेंढरं गाव सोडतात. माझा पोरगा श्रीमंत याही साली येडशीकडं गेलाय, लेकरं इथं आणि बाप रानात. गाळ निघून बारवेला पाणी लागलं आणि वाट उघडली तर पुढच्या उन्हाळ्यात तो घरी राहील. माझं एवढंच म्हणणं आहे.

उत्तरेश्वरांना सांगितलं तर म्हणाले, "तात्या, मशिनीला दिसलं न्हाय. आता सभेत तुमचं ऐकावं का मशिनीचं?" बारवेला लागून ज्यांचं रान आहे ते शिवलिंगप्पा तिथंच बसले होते. ते माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. म्हणाले, "रामहरी, तिथं मोटंचं तोंड हुतं. मेंढराचं काय काढलास?" मोटेनं पाणी उपसायचं तोंड भिंतीच्या माथ्यावर असतं, हे मी सांगत होतो, पण कोण ऐकतंय.

नकाशाच्या कोपऱ्यात तुझ्या कंपनीचं नाव आहे. हे तू केलंस का?

फोन करू नको. माझे कान मंद झालेत, फोनवर बोलणं कळत नाही, मधी तुझी काकू निरोप सांगती आणि तिला वाटंल तेवढाच सांगती. कागदावर लिही. कागद खिशात राहतो.

तुझा तात्या,
रामहरी


पुणे
१७ डिसेंबर २०२४

ती. रामहरी तात्यांस सा. नमस्कार.

हो, मी केलं. गावाचं नाव यादीत दिसल्यावर मीच मागून घेतलं होतं. आपल्या बारवेचा नकाशा आपल्या हातून व्हावा म्हणून. तुमचं पत्र तीनदा वाचलं.

हे कसं होतं ते सांगते. नोव्हेंबरात आमचे कुलदीप सर मशीन घेऊन आले होते, ते तुम्ही पाहिलंत. ते मशीन चारी दिशांना लेझर सोडतं. लेझर भिंतीला लागून परत येतं, त्यावरून तो ठिपका किती लांब, किती उंच हे कळतं. असे कोट्यवधी ठिपके मिळून पडद्यावर अख्खी बारव उभी राहते. नकाशा काढताना आम्ही फक्त जागा बघतो. वाट बुजवणाऱ्यानं दगड भिंतीच्या पातळीत इतके नेमके बसवलेत की पाव इंचाचाही फरक येत नाही. सपाट ते सपाटच दिसणार.

पण प्रत्येक ठिपक्यासोबत आणखी एक आकडा येतो. किती उजेड परत आला, त्याचा. पांढरा चुना जास्त परतवतो, काळा दगड कमी, ओली जागा तर जवळजवळ सगळा पिऊन टाकते. चित्र छान दिसावं म्हणून या आकड्यांचा ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट आम्ही एकसारखा करून टाकतो. तात्या, उत्तरेच्या भिंतीवर मला एक काळपट डाग दिसला होता. मला वाटलं ओल असेल. मी तो आजूबाजूच्या दगडाशी जुळवून घेतला. तुमच्या वाटेवर मीच पोतेरं फिरवलं म्हणा.

मूळ आकडे शाबूत आहेत. ते मी पुन्हा उघडते. त्याआधी एक सांगा. त्या आठवड्यात लोहाऱ्यात पाऊस नव्हता, मी पाहिलं. मग बाकी बारव कोरडी असताना तेवढीच भिंत ओली कशी?

काकूंना नमस्कार.

तुमची,
शिवकन्या


हिप्परखेडा
२२ डिसेंबर २०२४

चि. शिवकन्यास आशीर्वाद.

ओली मी केली.

पुण्याची माणसं मशीन घेऊन येणार, असं आदल्या दिवशी कळलं. पाहुणा येणार तर आपण अंगणात सडा टाकतो की नाही? मी दिवस उगवायला बारवेत उतरलो, वाटेच्या जागेवर पन्नास कळशा पाणी मारलं आणि काथ्यानं घासून काढलं. शेवाळ, धूळ, पाखरांची घाण सगळी काढली. म्हटलं, बाकीची बारव दिसो न दिसो, मशिनीला आपली जागा लख्ख दिसावी. तुझी काकू वर काठावर उभी राहून म्हणाली, "मशीन नवरी बघाया आलंय का? पावडर लावा म्हणावं आता भितीला!"

आता तू लिहितेस की ओली जागा उजेड पिऊन टाकते. म्हणजे दाखवायला गेलो आणि मीच झाकून बसलो. हे काकूला सांगितलेलं नाही. तूही सांगू नको.

तुझं उजेडाचं कळलं मला. मावळतीला मेंढरं सूर्याच्या अंगाला असली की सगळा कळप काळा दिसतो, लंगडं कुठलं, गाभण कुठलं काही कळत नाही. मग आम्ही कपाळावर हात धरून सूर्य तेवढा झाकतो. झाकला की एकेक मेंढरू ओळखू येतं. तुझ्या मशिनीत असा हात धरता येतो का?

वाटेची खूण मागितलीस तर सांगतो. पूर्वेच्या पायऱ्यांकडं पाठ केली की उजव्या हाताची भिंत ती उत्तरेची. तिच्या कोपऱ्यापासून चौदा पावलांवर वाट सुरू होते. रुंदी तीन मेंढरं अंगाला अंग लावून जातील एवढी. हे मला माझ्या आजोबांनी सांगितलं होतं.

सभेला महिना राहिला.

तुझा तात्या,
रामहरी


पुणे
२ जानेवारी २०२५

ती. तात्यांस सा. नमस्कार.

हात धरता आला.

कुलदीप सरांबरोबरच्या एका माणसानं अंगात ते चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट घातलं होतं. त्या पट्टीचा उजेड दोनशे पंचावन्न, म्हणजे सगळ्यात वरचा आकडा. तुमच्या बारवेचा काळा दगड मात्र वीस ते चाळीसच्या मध्ये. पट्टीला पांढरं धरून चित्र रंगवलं की अख्खी बारव काळीच दिसणार. ही पट्टी म्हणजे तुमचा मावळतीचा सूर्य. मी पन्नासच्या वरचं सगळं कापून टाकलं आणि वीस ते चाळीस एवढाच पट्टा काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ताणला. दगडन् दगड वेगळा झाला.

सकाळी नऊचं चित्र घेतलं तर तुम्ही धुतलेली सगळी भिंत काळी. त्यातून काहीच कळेना. मग आठवलं की मशीन नऊ ठिकाणी मांडलं होतं आणि त्यातलं शेवटचं दुपारी दीडला, याच भिंतीसमोर. ते उघडलं. तोवर उन्हानं दगड वाळले होते. पण मधोमध एक चौकोन काळाच राहिला होता. रुंदी सहा फूट, उंची पावणेपाच. अखंड दगड पाणी लगेच सोडतो, चुन्यात आणि भरावात ते तासन् तास मुरून राहतं. तुमच्या पन्नास कळशांनी तो चौकोन काढून दिला, तात्या. तुम्ही भिंत धुतली नसती तर मला आयुष्यात दिसला नसता. हे काकूंना खुशाल सांगा.

कोपऱ्यापासून चौदा पावलं म्हणालात. मी पडद्यावर मोजलं. चौतीस फूट.

कुलदीप सरांना दाखवलं. ते माझे वरिष्ठ, त्यांच्या सहीशिवाय काही बाहेर जात नाही. ते म्हणाले, "शिवकन्या, कॉन्ट्रास्ट ताणला की ढगातसुद्धा मारुती दिसतो. आपल्याला हवं ते उजळवायचं आणि पुरावा म्हणायचं, हे चालणार नाही." मला राग आला, पण बरोबर होतं त्यांचं. म्हणून मी तेच आकडे, तीच कापणी, जराही न बदलता चारही भिंतींना लावली. बाकी तिन्ही भिंतींवर चौकोन नाही. तेव्हा ते म्हणाले, इथं तोंड होतं हे मानतो. पण ते मेंढरांचं कशावरून? मोटेचं असू शकतं, पाण्याच्या पाटाचं असू शकतं. दुरुस्तीच्या इंजिनिअरांचंही तेच म्हणणं.

दोन्ही चित्रं कागदावर छापून पाठवते आहे. चौकोनाभोवती मी काही रेघ ओढलेली नाही, तुम्हीच बघा दिसतो का.

तुमची,
शिवकन्या


हिप्परखेडा
७ जानेवारी २०२५

चि. शिवकन्यास आशीर्वाद.

दिसतो. चष्मा न लावता दिसतो. काकूला दिसला. टपाल घेऊन आलेल्या माणसालाही दाखवला, तो म्हणाला, "दार हाय की हे."

कागद घेऊन उत्तरेश्वरांकडं गेलो. त्यांनी बराच वेळ उलटा-सुलटा करून बघितला आणि विचारलं, "हे आपल्या शिवकन्येनं काढलं?" म्हटलं, व्हय. तर म्हणाले, "मशिनीला दिसलं न्हाय ते पोरीला दिसलं म्हणा की." माझ्या मनातलं बोलले. शिवलिंगप्पांनी मात्र कागदाला हात लावला नाही. लांबूनच म्हणाले, "मोटंचं तोंड. म्या काय वेगळं म्हणलो?"

आता तुझ्या सरांच्या प्रश्नाचं उत्तर. मोट असली की दोराचे घळ पडतात आणि ते माथ्याच्या दगडावर पडतात. खालच्या कट्ट्याच्या पातळीला मोटेचं काय काम? आणि मेंढरांची खूण विचारत असशील तर ती मी सांगतो. ती जगात कुठल्या इंजिनिअराला ठाऊक नसणार.

मेंढरू भिंतीला घासून चालतं. पाण्याची घाई झाली की जास्तच. त्याच्या लोकरीत तेल असतं. आपल्या मेंढरांच्या वाड्याच्या दारातला खांब आठव, लहानपणी तू त्याला गाल लावून बसायचीस, तो मांडीइतक्या उंचीवर गुळगुळीत आणि काळा. कुणी पॉलिश केला? पन्नास-साठ वर्षं अशी लोकर घासली की दगडाचं अंग बदलतं. ते काथ्यानं निघत नाही, पावसानं निघत नाही.

वाट कट्ट्यावर आली की मेंढरं दोन्ही अंगांना फुटायची, डावीकडं आणि उजवीकडं, भिंतीला लागून, आणि मग पाण्याला तोंड लावायची. तेव्हा चौकोनात बघू नको. चौकोनाच्या दोन्ही बाजूंना बघ. कट्ट्यापासून वर, माझ्या गुडघ्याच्या जरा खालपासून मांडीच्या मध्यापर्यंत. त्याच्या वर काही मिळणार नाही आणि खालीही नाही. बैलाची खूण यापेक्षा वर असते, माणसाच्या खांद्याची त्याहून वर.

मिळालं तर कळव. नाही मिळालं तरी कळव, मी रुसणार नाही.

तुझा तात्या,
रामहरी


पुणे
१५ जानेवारी २०२५

ती. तात्यांस सा. नमस्कार.

मिळालं.

या वेळी वीस ते चाळीससुद्धा फार रुंद पडलं. चौकोन बाजूला ठेवला, नुसता वाळलेला दगड घेतला आणि सव्वीस ते एकतीस एवढे पाच-सहा आकडेच ताणले. इतकं ताणलं की चित्र वाळू टाकल्यासारखं खरखरीत दिसतं. म्हणून शेजारच्या ठिपक्यांची सरासरी घेतली आणि पुन्हा तेच माप चारही भिंतींना लावलं. उत्तरेच्या भिंतीवर चौकोनाच्या दोन्ही बाजूंनी एक काळपट पट्टा निघालाय. डावीकडं नऊ फूट, उजवीकडं अकरा. कट्ट्यापासून सव्वा फुटावर सुरू होतो, सव्वादोन फुटावर संपतो. चौकोनाशी सगळ्यात गडद, मग लांब जाईल तसा फिका होत जातो. बाकी भिंतींवर नाही.

कुलदीप सरांनी पडद्यावर पट्ट्याची उंची स्वतः मोजून बघितली. मग विचारलं, "मेंढीची उंची किती असते गं?" मी म्हटलं, दख्खनी मेंढी उभी असली की पाठीपर्यंत सव्वादोन फूट. ते म्हणाले, "आणि हे तुला तुझ्या काकांनी आधीच लिहून दिलं होतं?" मी तुमचं पत्र दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, सही केली आणि सहीखाली स्वतःच्या हातानं लिहिलं, 'पट्ट्याची जागा स्थानिक माहितीवरून, चित्र काढण्यापूर्वी सांगितलेली.' आमच्या ऑफिसात आजवर असं कुणाच्या नावापुढं लिहिलेलं नाही, तात्या. तुमचं नाव खाली आहे, पूर्ण नाव.

इंजिनिअरांनी मेंढरांची वाट मान्य केली. पण त्यांनी दुसरंच काही दाखवलं. चौकोनाच्या दोन्ही कडांना वरपासून खालपर्यंत सरळ सांधा आहे. भिंत भरताना गवंडी नवा दगड जुन्यात गुंफतो, एक आत एक बाहेर, म्हणजे पकड येते. इथं एकही दगड गुंफलेला नाही. ते म्हणाले, "ज्यानं हे बुजवलं, त्याला ते पुन्हा उघडायचं होतं."

तुम्ही म्हणता आजोबांनी सांगितलं. पण चौदा पावलं आणि तीन मेंढरांची रुंदी हे ऐकलेल्या माणसाचं वाटत नाही मला. वाट कुणी बुजवली, तात्या? तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा. सभेत कुणीतरी विचारणारच.

सोबत नवीन चित्रं आणि सहीचा कागद.

तुमची,
शिवकन्या


हिप्परखेडा
२० जानेवारी २०२५

चि. शिवकन्यास आशीर्वाद.

तुझ्यापुढं खोटं टिकत नाही, ते बरंच आहे.

वाट तुझ्या आजोबांनी बुजवली. माझ्या वडिलांनी. दगड मी वाहिले.

बहात्तरचा दुष्काळ. मी सोळा वर्षांचा. बारवेचं पाणी खाली जात जात कमरेएवढं राहिलं. दुसरीकडं कुठंच नव्हतं, तीन गावं त्यावर. मेंढरं उतरली की गाळ ढवळायचा, बाया पदरातून पाणी गाळून घागरी भरायच्या. कुणी वडिलांना तोंडावर म्हणालं नाही. म्हणणार कसं, हक्क होता आमचा, बारव बांधल्यापासूनचा. पण चावडीत बैठक बसली की सगळे खाली मान घालून बसायचे. एके दिवशी वडील आपण होऊन उठले आणि म्हणाले, "माणसं आधी. वाट म्या बुजवतो. पाऊस झाला की उघडू." शिवलिंगप्पांचे वडील तिथंच होते. ते म्हणाले, उघडू.

चार दिवस लागले. मी दगड गुंफायला लागलो तर वडिलांनी हात धरला. "गुंफू नको रं, परत काढायचेत." शेवटचा दगड मी बसवला. पाचव्या दिवशी एकशे चाळीस मेंढरं घेऊन आम्ही आळंदच्या बाजूला निघालो. पुढच्या साली परत आलो तेव्हा अडतीस होती.

पाऊस झाला. वडील रोज बारवेकडून जायचे, पण बोलले नाहीत. मी एकदा म्हटलं, आठवण करा की. तर म्हणाले, "दिलेलं मागून घ्यायचं नसतं. द्यायचं ते देतील." कुणी दिलं नाही. पुढं बोअर आले, नळ आले, बारवेत गाळ भरला आणि ज्यांना ठाऊक होतं ते एकेक गेले.

मी का लपवलं? कुणी म्हणेल, तुम्हीच बुजवली, मग आता हक्क कसला. आणि शेवटचा दगड माझ्या हातचा, तो पन्नास वर्षांत मलाही काढता आला नाही. ते कुणाला सांगू?

आता तू सांग, सभेत काय बोलू.

तुझा तात्या,
रामहरी


पुणे
२३ जानेवारी २०२५

ती. तात्यांस सा. नमस्कार.

हे पत्र सभेआधी पोचेल की नाही ठाऊक नाही. तरी लिहिते.

जे मला लिहिलंत ते सगळं सांगा. चित्र दाखवण्याच्या आधी सांगा. गावाला पाणी मिळावं म्हणून ज्या माणसानं स्वतःची वाट स्वतःच्या हातानं बुजवली, त्याची मी नात आहे, हे मला आजवर माहीत नव्हतं. काल ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. डबा खाता खाता सांगायला सुरुवात केली आणि कुणी जेवलंच नाही.

वाट बुजवली म्हणून हक्क जात नाही, तात्या. न गुंफलेले दगड हाच आजोबांचा कागद आहे.

तुमची,
शिवकन्या


हिप्परखेडा
२८ जानेवारी २०२५

चि. शिवकन्यास आशीर्वाद.

तुझं पत्र काल आलं, सभेच्या दुसऱ्या दिवशी. तू लिहिलंस ते मी आधीच करून बसलो होतो.

झेंडावंदन झालं आणि शाळेच्या पटांगणातच सभा बसली. उत्तरेश्वरांनी नकाशा फळ्यावर लावला आणि म्हणाले, "उत्तरेच्या भिंतीबद्दल तात्यांना बोलायचंय." मी चित्रं हातात घेऊन उठलो होतो. काय झालं कुणास ठाऊक, चित्रं खुर्चीवर ठेवली आणि म्हटलं, वाट माझ्या बापानं बुजवली, दगड म्या वाहिले. आणि मग बैठक, चावडी, चार दिवस, गुंफू नको, सगळं सांगितलं. माझे कान मंद, त्यामुळं मी केवढ्यानं बोललो मला कळलं नाही. काकू म्हणते, खालच्या गल्लीत ऐकू गेलं.

कुणीतरी मागून ओरडून विचारलंच, "मग आता कशाला उघडायची? तुमीच दिली की."

मी काही म्हणायच्या आत शिवलिंगप्पा काठी टेकून उठले. मला वाटलं आता मोटेचं काढतात. तर ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "त्या साली आमच्या दारात चुन्याची घाणी हुती. बापानं म्हणलं, बैल जुप आन् चार दिस घाणी फिरव. बैलाला वैरण न्हाय, माणसाला भाकर न्हाय, आन् चुना कशाला? इचारलं तर म्हणला, गप. बावन्न वरसं म्या गप हाय. चुना कुठं गेला ते मला ठावं हुतं." मग माझ्याकडं वळले. "रामहरी, शब्द माझ्या बापाचा हुता. उघडू म्हणला हुता त्यो. लाजंनं बोलला नसंल पुढं."

एवढं बोलून खाली बसले. मी म्हटलं, "आप्पा, मोटंचं तोंड?" तर म्हणाले, "गप बस आता. मोट माझ्याच रानात हुती, पर दुसऱ्या भितीला." अख्खी सभा हसली.

मग चित्रं फिरली, हातोहात, बायकांतसुद्धा. सरपंचांनी सहीचा कागद मोठ्यानं वाचला, माझं नाव आणि त्याच्यावर तुझं. तुझं नाव वाचताना त्यांनी 'आपल्या गावची' हे स्वतःच्या पदरचं घातलं. काकू बायकांत बसून सगळ्यांना सांगत होती, "आमच्यांनी भिंत धुतली म्हणून दिसलं."

ठराव एकमतानं झाला. काँक्रीटच्या भिंतीत सहा फुटांची जागा सोडायची आणि वाट मोकळी ठेवायची. इंजिनिअर साहेब आले होते. त्यांनी सोमवार, सतरा फेब्रुवारी दिवस धरलाय, बारवेतला गाळ त्याआधी काढणार. आधी वरचे दोन थर काढणार आणि बघणार, मागं उतार शाबूत आहे की मातीनं दाबलाय. ते म्हणतात, शाबूत असायची शक्यता आहे, पण खात्री देत नाहीत. दबलेला असला तर उकरायला महिना जाईल, पण वाट होणार, असं कागदावर लिहून दिलंय. पहिला दगड मी काढायचा, असं शिवलिंगप्पांनी सांगितलं आणि कुणी नाही म्हणालं नाही. तो सगळ्यात वरचा, म्हणजे मी बसवलेलाच शेवटचा.

तुमची मशीनही त्या दिवशी येणार असं कळलं. त्याबरोबर तू ये. लोहाऱ्यापर्यंत एसटी आहे, पुढं जीप मिळते, नाहीतर उत्तरेश्वर गाडी पाठवतो म्हणालेत.

श्रीमंतला निरोप धाडलाय. सतराच्या बेतानं तो येडशीचं रान सोडून मेंढरं घेऊन निघेल, पाच मुक्कामांत पोचेल. वाट मोकळी झाली तरी एक अडचण राहणार आहे, ती इंजिनिअर साहेबांना ठाऊक नाही. या मेंढरांनी ती वाट कधी बघितलेली नाही, त्यांच्या आयांनीही नाही. अंधाऱ्या उताराला मेंढरू आपण होऊन पाय लावत नाही. कुणीतरी आधी उतरून पाण्यात उभं राहायचं आणि खालून हाक मारायची. ओळखीची हाक लागते, श्रीमंतची नाहीतर माझी. श्रीमंत म्हणेल मी उतरतो, पण कळप हाकायला तो मागं लागेल. काकू माझ्या गुडघ्यांवरून आत्ताच भांडायला लागलीय.

मीच उतरणार आहे.

तुझा तात्या,
रामहरी